मायक्रोफायबरनं पुसूनही गाडीवर जाळी आणि चट्टे? आधी हातातलं फडकं तपासा

गाडी नीट धुतली, मायक्रोफायबरच्या कपड्यानं पुसली, तरी यातलं काहीतरी दिसतंय का बघा.

– गडद रंगाच्या बोनटवर उन्हात किंवा पेट्रोल पंपाच्या लाइटखाली कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा.
– कपडा पाणी टिपत नाही, नुसतं पुढं ढकलतो.
– काचेवर तेलकट पट्टे. रात्री समोरच्या गाडीचा लाइट पडला की ते पसरतात.
– पुसलेल्या जागी पांढरे तंतू.
– वाळल्यावर पांढरे गोल डाग.
– चार-सहा धुण्यांतच कपडा खरखरीत, वाळला की पापडासारखा.

लातुरात औसा रोडला माझं वॉशिंग आणि डिटेलिंगचं काम आहे. ही तक्रार माझ्याकडं आठवड्यातून दोनदा तरी येते आणि प्रत्येक वेळी वाक्यही तेच असतं: "मालक, कपडा तर मायक्रोफायबरचाच आहे, मग असं का झालं?" लोक शाम्पू बदलतात, पॉलिश करून घेतात, कंपनीच्या रंगाला नावं ठेवतात. माझ्या अनुभवात यातल्या बहुतेक गाड्यांचा दोष कपड्यात असतो. एक तर तो कशाचा आहे यात, नाहीतर तो कसा धुतला यात. पॉलिशला पैसे घालण्याआधी हे तपासलं नाही, तर महिन्याभरात जाळी परत येते.

हा कपडा असतो कशाचा

हे दोन मिनिटांत समजून घ्या, म्हणजे पुढची प्रत्येक तपासणी कशासाठी ते आपोआप कळेल.

मायक्रोफायबर हे कुठल्या पदार्थाचं नाव नाही, ते बारीकपणाचं माप आहे. ९००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितके त्याचे डेनियर. एक डेनियरपेक्षा बारीक तंतू असेल तर तो मायक्रोफायबर. पैठणीच्या रेशमाचा एकेरी तंतूसुद्धा साधारण एक डेनियरच्या थोडा वरच भरतो. हा त्याहून बारीक.

गाडीच्या चांगल्या कपड्यात दोन प्लास्टिकं असतात, पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड, म्हणजे आपलं नायलॉन. लेबलवर ८०/२० किंवा ७०/३० लिहिलेलं असतं ते यांचंच प्रमाण, मोठा आकडा पॉलिएस्टरचा. पण हे दोन्ही वेगवेगळे धागे घेऊन विणलेले नसतात. दोन्ही वितळवून एकाच छिद्रातून एकत्र ओढतात. तो तंतू आडवा कापून भिंगाखाली धरला तर जालन्याची मोसंबी आडवी कापल्यासारखा दिसतो. फोडी पॉलिएस्टरच्या, आणि फोडींच्या मधला पांढरा पापुद्रा पॉलिअमाइडचा. कापड तयार झाल्यावर रसायनाच्या गरम पाण्यात किंवा पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं या फोडी सुट्या करतात. एका तंतूचे अनेक पातळ, कोपरे असलेले तंतू होतात. या कामाला स्प्लिट करणं म्हणतात आणि कपड्याची सगळी करामत इथंच आहे.

पॉलिएस्टर स्वतः पाणी जवळजवळ पीतच नाही. हवेतला ओलावा ते वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा धरत नाही, नायलॉन चार टक्क्यांच्या आसपास धरतं, कापूस सात-आठ टक्के. मग कपडा इतकं पाणी कुठं ठेवतो? सुट्या झालेल्या फोडींमधल्या बारीक फटींत. कंदिलाच्या वातीत रॉकेल चढतं तसं त्या फटींत पाणी चढतं. आणि फोडींचे कोपरे धूळ उचलून धरतात. फोडी सुट्याच केल्या नसतील, किंवा फटी कशानं तरी बुजल्या असतील, तर लेबलवर काहीही लिहिलेलं असो, हातात राहतं ते गुळगुळीत प्लास्टिकचं फडकं.

सगळ्यात आधी: कोरडी गाडी पुसता का?

याला पैसा लागत नाही, फक्त स्वतःला खरं उत्तर द्यावं लागतं.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या उन्हाळ्यात मी माझं सेंटर बंदच ठेवलं होतं. प्यायला पाणी नाही तिथं गाड्या काय धुवायच्या! लोकांनी घरीच गाड्या कोरड्या पुसायला सुरुवात केली आणि पुढं पाऊस झाला तरी बऱ्याच जणांची ती सवय गेली नाही. पाऊस झाल्यावर माझ्याकडं आलेल्या गाड्यांवर मी जितकी जाळी बघितली तितकी आधी कधी बघितली नव्हती.

कारण साधं आहे. आपल्याकडची धूळ म्हणजे नुसती माती नसते. खडी क्रशरची, रस्त्याच्या कामाची, काळ्या पाषाणाची भुकटी तिच्यात असते आणि तिचे कण गाडीच्या क्लिअर कोटपेक्षा, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरापेक्षा, कठीण असतात. हा क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसाहून पातळ. कोरडा कपडा फिरवला की हे कण कपड्यात अडकून गाडीवर घासले जातात. रेघा गोल दिसतात म्हणून लोकांना वाटतं, हात गोल फिरवल्यानं पडल्या. तसं नाही. त्या सगळ्या दिशांना असतात, उजेडाच्या भोवतीच्या तेवढ्या चमकतात म्हणून गोल दिसतात.

पाणी कमी असेल तर एक बादली पुरवा, पण आधी मगानं पाणी सोडून धूळ भिजवून खाली घालवा. मग कपड्याची चौघडी करा. आठ स्वच्छ बाजू मिळतात. एका पत्र्याला एक बाजू, मळली की पलटायची. जमिनीवर पडलेला कपडा त्या दिवसापुरता बाद, मग तो कितीही महागाचा असो.

लेबल, शिवण आणि कुसळं

कपडा उजेडात उलगडून धरा. कोपऱ्यात शिवलेलं ते छोटं चकचकीत लेबल आहे का? त्याची कड नखासारखी कडक असते. मागच्या वर्षी औशाहून एकजण काळी सेडान घेऊन आले. दरवाज्यांवर ठरावीक अंतरानं बारीक समांतर रेघा, अगदी कंगवा ओढल्यासारख्या. मी त्यांचा कपडा मागून घेतला, चौघडी केली आणि लेबल नेमकं बोटांखाली आलं. कपडा उत्तम होता, पाणी झकास टिपत होता. फक्त ते लेबल रोज दारावरून फिरत होतं. उसवण्यानं ते अलगद काढलं आणि रेघा वाढायच्या थांबल्या. कात्रीनं कापू नका, बुंधा उरतो आणि तो आणखी टोचतो.

मग चारी कडा गालावरून फिरवा. बोटं राबून निबर झालेली असतात, त्यांना कळत नाही. गालाला कळतं. कडेचा दोरा टोचत असेल तर तो कपडा चाकांना आणि इंजिनच्या भागाला ठेवा. रंगावर विनाशिवणीचा किंवा मऊ पट्टी लावलेला घ्या.

तिसरं, कुसळं. कपडा अंगणात तारेवर वाळत घातला, वाऱ्यानं गवतात पडला, की कुसळ आणि गोखरूचे तुकडे लोकरीत, म्हणजे कपड्यावरच्या उभ्या मऊ तंतूंत, रुततात आणि झटकून निघत नाहीत. तळहात दाबून सगळा कपडा चाचपा. टोचेल तिथं चिमट्यानं काढा. शंका राहिलीच तर घरात पडलेली जुनी सीडी घ्या, चकचकीत बाजूवर कपडा जोर देऊन वीसेक वेळा घासा आणि उजेडात तिरपी धरा. सीडीचं प्लास्टिक क्लिअर कोटपेक्षा मऊ असतं. त्यावर रेघ उठली नाही तर गाडीवर कपड्यामुळं उठण्याची भीती फार कमी.

पाण्याची आणि हाताची परीक्षा

फरशीवर किंवा ओट्यावर अर्धी वाटी पाणी सांडा. कपडा सपाट ठेवून हळू पुढं सरकवा. चांगला कपडा जाईल तिथली जागा जवळजवळ कोरडी करत जातो. पाणी लाटेसारखं पुढं पळालं तर दोनच शक्यता: फोडी सुट्या केलेल्याच नाहीत, किंवा फटी बुजल्यात.

दोन्हींतला फरक हातानं कळतो. हात धुवून कोरडे करा, क्रीम-तेल काही नको, आणि कपडा तळहातावरून ओढा. स्प्लिट केलेला कपडा कातडीला धरतो. भेगा पडलेल्या टाचेवर रेशमी साडी अडकते ना, तसं वाटतं. काही जणांच्या अंगावर काटा येतो. हे धरणं म्हणजे चांगली खूण आहे. गुळगुळीत सटकला तर कपडा मुळातच हलका. मात्र तुमचा कपडा नवा असताना नीट टिपायचा आणि आता टिपत नाही, तर तो मुळात हलका नाही, फटी बुजल्यात. तो बहुतेक वेळा वाचतो. नवा आणण्याची घाई करू नका.

धुण्यातला दोष

मला विचाराल तर मायक्रोफायबरचं सगळ्यात जास्त नुकसान घरच्या वॉशिंग मशीनमध्ये होतं.

पहिला गुन्हेगार म्हणजे कपड्यांना मऊपणा आणि वास देणारं कंडिशनर. ते प्रत्येक तंतूवर पातळ तेलकट थर चढवतं. साडीला, चादरीला तो बरा वाटतो. इथं त्याच थरानं फटी बंद होतात आणि काचेवरचे पट्टे येतात तेही त्याचेच.

दुसरा, सुती कपड्यांबरोबर एकत्र धुणं. आपण कापसाच्या मुलखातली माणसं, टॉवेल, पंचा, बनियन, सगळं सुती. त्यांचे सुटे तंतू मायक्रोफायबरचे कोपरे पकडून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी ते तुमच्या बोनटवर दिसतात. गिऱ्हाईक म्हणतं कपडा तंतू सोडतो. नीट बघितलं तर तो तंतू कापसाचा निघतो, म्हणजे बनियनचा.

तिसरं आपलं पाणी. ज्या बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजायला उशीर लागतो आणि साबणाला फेस येत नाही, ते पाणी जड. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त. वडीचा साबण लावला की त्याचा चिकट साका तयार होतो, सोडा असलेली पावडर टाकली की पांढरी पूड बसते. दोन्ही फटींतच जाऊन बसतात. कपडा पापडासारखा होतो तो यामुळं.

दुरुस्ती अशी. फक्त मायक्रोफायबरचे कपडे वेगळे काढा. कोमट पाण्यात थोडं लिक्विड डिटर्जंट घालून अर्धा तास भिजवा आणि हातानं दाबून धुवा. कोमट म्हणजे हात सहज बुडेल इतकंच, सोलरचं कढत पाणी नको. फेस पूर्ण जाईपर्यंत खळबळा. मग पाच लिटर पाण्यात एक मोठा चमचा लिंबूसत्व विरघळवून वीस मिनिटं बुडवा आणि पुन्हा साध्या पाण्यातून काढा. क्षार विरघळतात, कपडा सुटतो. कंडिशनरचा थर मात्र एका धुण्यात निघत नाही. डिटर्जंटची फेरी दोन-तीन वेळा करा आणि मग पाण्याची परीक्षा परत घ्या.

इथं काही गोष्टी हात जोडून सांगतो. बाथरूमचं अ‍ॅसिड लावू नका, ते नायलॉनला खातं. ब्लीचिंग नको, त्यानंही नायलॉन कमजोर होतं. कॉस्टिक सोडा नको, तो पॉलिएस्टरला खातो. इस्त्री तर मुळीच नको. तंतूंची टोकं वितळून कडक होतात आणि तो कपडा मऊ दिसला तरी रंगावर ओरखडे काढतो. एकदा वितळलेलं परत मऊ होत नाही. सेमी-ऑटोमॅटिक मशीनचा ड्रायर चालेल, तो नुसता गरगर फिरवून पाणी काढतो. गरम हवेचा ड्रायर असेल तर अगदी कमी तापमानावर ठेवा. वाळत घाला सावलीत आणि घरात, रस्त्याच्या धुळीत नाही.

वजन करून बघा

लोक जीएसएम विचारतात, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. लेबलवरच्या आकड्यावर मी विसंबत नाही. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो, नसेल तर गल्लीतला किराणावाला मोजून देतो. ४० बाय ४० सेंटिमीटरचा कपडा म्हणजे ०.१६ चौरस मीटर. कोरड्या कपड्याचं वजन ०.१६ नं भागा. ५६ ग्रॅम भरला तर ३५०, ३२ भरला तर फक्त २००. मी एकदा लेबलवर ४०० लिहिलेला गठ्ठा आणला, एकेक कपडा ३८ ग्रॅम भरला. गठ्ठा तसाच परत केला.

काचेला आणि साध्या पुसण्याला ३०० ते ४०० बरा, पॉलिश-वॅक्स काढून चमक आणायला ५०० च्या आसपासचा, लांब लोकरीचा. धुतल्यावर पाणी टिपायला ८०० च्या वरचा मोठा टॉवेल. काचेवर जाड लोकरीचा कपडा वापरला तर पट्टे येणारच, तिथं बुटक्या विणीचा किंवा चौकड्या असलेला वॅफल कपडा घ्या. ७०/३० म्हणजे ८०/२० पेक्षा भारीच, असं मात्र मी मानत नाही. नीट स्प्लिट केलेला ८०/२० कपडा कच्च्या ७०/३० पेक्षा कितीतरी चांगलं काम करतो.

काडीची परीक्षा

हे सगळ्यात शेवटी, कारण यात आग आहे. मुलं, पेट्रोल, थिनर, सॅनिटायझर लांब ठेवा, पाण्याची वाटी जवळ घ्या. कपड्याच्या कडेचा नाही, मधल्या लोकरीचा चिमूटभर पुंजका कापा, लोखंडी चिमट्यात धरा आणि काडी लावा. कृत्रिम तंतू ज्योतीपासून आक्रसतो, वितळतो आणि थंड झाल्यावर कडक मणी उरतो. कागद जळाल्यासारखा वास आला आणि बोटांत चुरगळणारी राख राहिली तर त्यात कापूस आहे. मिश्र कपड्यात दोन्ही दिसतं. मणी गार होईपर्यंत हात लावू नका, कातडीला चिकटतो.

यानं पॉलिएस्टर-नायलॉनचं प्रमाण कळत नाही. ते प्रयोगशाळेत कळतं, फॉर्मिक अ‍ॅसिडमध्ये नायलॉन विरघळवून उरलेल्या पॉलिएस्टरचं वजन करतात. घरी हा खटाटोप करू नका, ते अ‍ॅसिड कातडी जाळतं. आपल्याला हवं ते हात आणि पाणी सांगतात.

कपडा पास झाला, तरी पांढरे डाग

मग कपड्याला सोडा, पाणी धरा. आपल्या उन्हाळ्यात तापलेल्या बोनटवर बोअरचं पाणी पडलं की मिनिटात उडून जातं आणि क्षार मागं राहतात. सकाळी लवकर किंवा दिवस मावळल्यावर, पत्रा हाताला गार लागेल तेव्हाच धुवा. एक पत्रा धुतला की लगेच टिपा. आणि एक चूक मी फार घरांत बघतो: पाणी वाया जाऊ नये म्हणून आरओमधून बाहेर पडणारं पाणी साठवून गाडीला वापरतात. भावना चांगली आहे, पण बोअरच्या पाण्यातले क्षार त्यात आणखी दाट झालेले असतात. ते फरशीला वापरा. शेवटचा हात मारायला साठवलेलं पावसाचं पाणी असेल तर उत्तम.

ताजा डाग व्हिनेगरमध्ये तितकंच पाणी घालून ओल्या कपड्यानं निघतो, लगेच साध्या पाण्यानं धुवा.

इथं थांबा

रेघेवरून नख आडवं फिरवा. नख अडकलं तर रेघ खोल आहे. कपडा बदलून किंवा घरी घासून ती जाणार नाही. डेंटिंग-पेंटिंगच्या चांगल्या कारागिराला दाखवा.

पुसताना कपड्यावर गाडीचा रंग उतरत असेल, क्लिअर कोट पापुद्र्यासारखा सुटत असेल, व्हिनेगरनंही न निघणारा डाग हाताला खड्ड्यासारखा लागत असेल, तरी थांबा. टूथपेस्ट, रबिंग कंपाउंड, ड्रिल मशीनला लावलेला पॅड, यातलं काही घरी करू नका. जाळी घालवणं म्हणजे क्लिअर कोटचा वरचा थर घासून कमी करणं, आणि तो थर मुळात किती पातळ आहे ते वर सांगितलंच आहे. बोनटच्या कडा आणि दरवाज्याची धार, इथं तो लवकर संपतो. ज्याच्याकडं रंगाची जाडी मोजायचं यंत्र आहे आणि जो मशीन लावण्याआधी ते चार ठिकाणी लावून आकडा दाखवतो, त्याच्याकडंच पॉलिश करून घ्या. मोजल्याशिवाय मशीन चालू करणाऱ्याला गाडी देऊ नका.

आणि जाताना गाडीबरोबर तो कपडाही घेऊन जा, न धुता, जसा वापरता तसाच. मी तर आधी कपडाच मागतो. कित्येकदा गाडीकडं बघायच्या आतच दोष सापडलेला असतो.